मीडियाविकीचा लोकल सेटअप अडकलाय? सगळं पुन्हा टाकण्याआधी हे तपासा

मराठी विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते मीडियाविकी स्वतःच्या लॅपटॉपवर उभं करू पाहणाऱ्या नवख्या मुलामुलींना मी गेली काही वर्षं मदत करते आहे. मार्चमध्ये समर ऑफ कोड आणि आउटरीची या मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या कार्यक्रमांच्या अर्जांची घाई सुरू झाली की रोज संध्याकाळी कुणाचा तरी फोन येतोच: "ताई, तीनदा सगळं काढून पुन्हा टाकलं, तरी तेच." हे काढून पुन्हा टाकणं थांबावं म्हणून ही नोंद. सगळं पुसलं की बिघाडाचा पुरावाही पुसला जातो, आणि अडलेलं पोर्ट (प्रोग्रॅमशी जोडणी करायचा क्रमांक), चुकलेली परवानगी, मागे राहिलेली स्किन (पानाचं रूप ठरवणारा कोड) यांपैकी जे खरं कारण असतं ते तसंच शिल्लक राहतं.

इथे मी डॉकरच्या सेटअपबद्दलच बोलते आहे. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन. तो मीडियाविकीच्या कोडसोबतच येतो आणि त्याच्या सूचना मुख्य फोल्डरमधल्या 'डेव्हलपर्स' नावाच्या फाइलमध्ये आहेत. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत द्यायच्या.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. दोन गोष्टी एकदम दिसत असतील तर वरची आधी धरा.

- लोकलहोस्ट ८०८० ब्राउझरमध्ये उघडतच नाही.
- पान उघडतं, पण बाहेरच्या लायब्ररी कंपोझरने (पीएचपीच्या लायब्ररी आणणारं साधन) टाका असं सांगून थांबतं.
- पान उघडतं, पण 'व्हूप्स' म्हणत डीफॉल्ट स्किन सापडली नाही असं सांगतं. सगळा मजकूर सांगाड्यासारखा दिसतो.
- डेटाबेसचा एरर येतो: फाइल फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. किंवा अमुक टेबल, अमुक कॉलम नाही.
- काल चालत होतं. आज सकाळी 'गिट पुल' केलं, म्हणजे नवा कोड ओढून घेतला, आणि बंद पडलं.
- एकही फाइल उघडली नाही, तरी 'गिट स्टेटस' हजारो फाइल बदलल्याचं सांगतं.
- चालतं, पण एकेक पान उघडायला अर्धा-अर्धा मिनिट लागतो.
- लॅपटॉपवर सगळं नीट चालतं, पण पॅच (कोडमधला तुमचा बदल) गेरिटवर, म्हणजे बदल तपासणीसाठी पाठवायच्या जागी, जात नाही.

पहिली सात लक्षणं तुमच्या मशीनवरची आहेत, शेवटचं नेटवर्क आणि खात्याचं. या दोन्हींची सरमिसळ करू नका. गेरिटवर पॅच जात नाही म्हणून डॉकर पुन्हा टाकणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा अख्खा शनिवार गेलेला असतो.

काहीही करण्याआधी: पहिली ओळ

एरर आला की डोळे आपोआप शेवटच्या ओळीवर जातात, कारण स्क्रीनवर तीच दिसत असते. कारण मात्र बहुतेक वेळा वर असतं. कंपोझर अडला की शेवटी नुसतं 'अयशस्वी' एवढंच लिहितो. कुठली लायब्ररी, कुठली आवृत्ती, कशामुळे हे सगळं त्याच्या आधीच्या वीस-पंचवीस ओळींत असतं. म्हणून वर स्क्रोल करा, जिथे पहिल्यांदा 'एरर' किंवा 'डिनाइड' हा शब्द आला ती ओळ शोधा आणि ती जशीच्या तशी एका साध्या फाइलमध्ये चिकटवा. खाली तुम्ही दिलेली कमांड लिहा. पुढे प्रत्येक तपासणीनंतर काय झालं हेही तिथेच लिहीत जा. शेवटी मदत मागायची वेळ आली तर हीच फाइल कामाला येते.

मुळात हा सेटअप हवाच आहे का?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, आणि निम्म्या वेळा पुढचं काहीच करावं लागत नाही. मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या बटणाचं किंवा सूचनेचं भाषांतर सुधारायचं असेल तर ते ट्रान्सलेटविकीवर होतं. कोडमधली मराठी संदेशांची फाइल हाताने बदलून पॅच पाठवला तर तो स्वीकारला जात नाही, कारण भाषांतरं तिकडून आपोआप कोडमध्ये येतात. साचे, मॉड्यूल, गॅजेट, स्वतःच्या खात्याची स्क्रिप्ट ही कामं थेट विकीवरच करता येतात. दुसऱ्या कुणाचा पॅच नुसता चालवून बघायचा असेल तर पॅचडेमो नावाची सोय आहे. ती ब्राउझरमध्येच तात्पुरती विकी उभी करून देते.

मीडियाविकीच्या पीएचपी कोडमध्येच बदल करायचा असेल तर मात्र पुढे चला.

कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात?

'पीडब्ल्यूडी' लिहा, एंटर मारा. मीडियाविकीच्या मुख्य फोल्डरचं नाव दिसायला हवं. डॉकर कंपोजने 'नो कॉन्फिगरेशन फाइल प्रोव्हायडेड' म्हटलं असेल तर तुम्ही बाहेरच्या भलत्याच फोल्डरमध्ये आहात, बिघाड कसलाच नाही. हा एरर नसला तरी फोल्डर बघाच: स्किन क्लोन करायला (कोडची प्रत उतरवायला) 'स्किन्स' फोल्डरमध्ये गेलेली माणसं परत वर यायला विसरतात आणि पुढच्या सगळ्या कमांड तिथूनच देत बसतात.

डॉकर जागा आहे का?

'डॉकर पीएस' द्या. इथे दोन एरर येतात आणि ते दिसायला सारखेच वाटतात.

'डीमनशी जोडता येत नाही' असं आलं तर डॉकर सुरूच झालेलं नाही. विंडोज आणि मॅकवर डॉकर डेस्कटॉप उघडा, ते पूर्ण सुरू होईपर्यंत मिनिटभर थांबा. लिनक्सवर डॉकरची सर्व्हिस सुरू करा.

'परमिशन डिनाइड' आणि पुढे डॉकर डॉट सॉक असं आलं तर डॉकर चालू आहे, पण तुमच्या यूजरला त्याच्याशी बोलायची परवानगी नाही. आपल्या यूजरला 'डॉकर' गटात टाकायचं, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं. टर्मिनलची नुसती खिडकी बंद करून उघडल्याने गट बदलत नाही, म्हणून 'केलं तरी होत नाही' असं वाटतं. घाईत प्रत्येक कमांडपुढे 'सुडो' (रूट, म्हणजे मशीनच्या मुख्य यूजरच्या अधिकारात कमांड चालवणं) लावून वाट काढू नका. आज काम होईल, पण सुडोने तयार झालेल्या फाइल रूट यूजरच्या नावे होतात आणि दोन दिवसांनी त्याच फाइल तुम्हाला बदलता येत नाहीत. एक गोष्ट लक्षात असू द्या: डॉकर गटात असणं म्हणजे जवळजवळ रूटचे अधिकार असणं. स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर हे स्वतः करू नका, लॅब सांभाळणाऱ्या सरांना सांगा.

तीन कंटेनर आणि पोर्ट

आता 'डॉकर कंपोज पीएस'. तीन नावं दिसली पाहिजेत: मीडियाविकी, मीडियाविकी-वेब आणि मीडियाविकी-जॉबरनर. पहिल्यात पीएचपी चालतं, दुसऱ्यात वेब सर्व्हर, तिसऱ्यात मागे रांगेत पडलेली कामं. पीएचपीवाला बंद आणि वेबवाला चालू असेल तर ब्राउझरमध्ये ५०३ येतो. वेबवालाच बंद असेल तर काहीच उघडत नाही. म्हणजे ब्राउझर काय दाखवतो त्यावरूनच कुठल्या कंटेनरचे लॉग वाचायचे ते कळतं.

वेबवाला कंटेनर उठत नसेल तर बहुतेक वेळा 'पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड' किंवा 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' असा एरर असतो. ८०८० हे पोर्ट फार जणांना हवं असतं. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर जावाच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेलं टॉमकॅट असतं, काहींकडे जेनकिन्स असतं, आणि दोन्ही सुरुवातीपासून ८०८० वरच बसतात. सेमिस्टर संपलं तरी टॉमकॅट मशीन सुरू झालं की आपोआप सुरू होत राहतं.

ते बंद करता येत असेल तर बंद करा, सगळ्यात सोपं. नसेल तर डॉट ईएनव्ही फाइलमध्ये (डॉकरच्या सेटअपचे आकडे इथे असतात) डॉकर पोर्ट ८०८१ करा, आणि त्याच फाइलमधला सर्व्हरचा पत्ताही ८०८१ करा. विकी आधीच इन्स्टॉल झाली असेल तर लोकलसेटिंग्ज या विकीच्या सेटिंग्जच्या फाइलमधला सर्व्हरचा पत्ताही बदला. हा पत्ता राहिला की विकी पान उघडता उघडता तुम्हाला जुन्या पोर्टकडे पाठवते, आणि पोर्ट बदलूनही उपयोग झाला नाही असं वाटतं. बदल केल्यावर 'डॉकर कंपोज अप डॅश डी' द्या. नुसतं 'रीस्टार्ट' दिलं तर डॉट ईएनव्हीमधले नवे आकडे वाचले जात नाहीत.

डॉट ईएनव्ही आणि फाइल कुणाच्या नावे आहेत

विंडोजवर नोटपॅडने ही फाइल सेव्ह केली असेल तर तिचं नाव गुपचूप 'डॉट ईएनव्ही डॉट टीएक्सटी' झालेलं असू शकतं. फाइलची एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय चालू करून खात्री करा.

लिनक्सवर या फाइलमध्ये यूआयडी आणि जीआयडी असे दोन आकडे भरावे लागतात. 'आयडी डॅश यू' आणि 'आयडी डॅश जी' दिल्यावर जे येतात तेच भरा. बहुतेकांचा १००० असतो, म्हणून लोक दुसऱ्याच्या फाइलवरून १००० कॉपी करतात. पण घरात लॅपटॉप दोघांत असेल आणि तुमचा यूजर नंतर बनवलेला असेल, तर तुमचा आकडा १००१ असतो. मग कंटेनर एका यूजरच्या नावे फाइल लिहितो आणि तुम्ही दुसऱ्या.

'रीडओन्ली डेटाबेस' हा एरर इथूनच येतो. हा सेटअप सुरुवातीला एसक्यूलाइट वापरतो, म्हणजे सगळा डेटाबेस 'कॅश' फोल्डरच्या आत 'एसक्यूलाइट' फोल्डरमध्ये फाइलरूपात असतो. मुलं त्या फाइलची परवानगी बघतात, ती ठीक असते, आणि गोंधळतात. एसक्यूलाइटला लिहिताना डेटाबेसच्या शेजारी स्वतःची तात्पुरती जर्नल फाइलही बनवावी लागते. म्हणून ते फोल्डरही लिहिण्याजोगं असावं लागतं. 'एलएस डॅश एलए' देऊन मालकाच्या रकान्यात 'रूट' दिसतंय का बघा. दिसलं तर मीडियाविकीच्या फोल्डरपुरती मालकी 'सीएचओन'ने स्वतःच्या नावे करा. इथे सुडो लागतो, आणि तो एवढ्या एकाच कामासाठी.

'सीएचमॉड ७७७' हा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे आहे. तो मानू नका. त्याने सगळ्या फाइल सगळ्यांना खुल्या होतात, गिटला फाइलचे मोड बदललेले दिसतात आणि तुमच्या दोन ओळींच्या पॅचमध्ये शेकडो फाइल येऊन बसतात. मूळ मालकी चुकलेलीच राहते ते वेगळंच.

कंपोझर, स्किन आणि डेटाबेस: तिघं एका वयाचे हवेत

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त असते, म्हणून जरा सविस्तर.

कंपोझर कंटेनरच्या आत चालवायचा असतो: 'डॉकर कंपोज एक्झेक मीडियाविकी कंपोझर अपडेट'. पहिले चार शब्द विसरून नुसतं 'कंपोझर अपडेट' दिलं तर ते तुमच्या लॅपटॉपवरच्या पीएचपीने चालतं. ते जुनं असतं, किंवा त्यात हवी ती एक्स्टेन्शन नसतात, आणि कंपोझर आवृत्ती जुळत नाही म्हणून अडतो. मग मुलं लॅपटॉपवरचं पीएचपी बदलायला जातात. त्याची काहीच गरज नसते. हवं ते पीएचपी कंटेनरमध्ये बसलेलंच आहे.

दुसरी गोष्ट स्किनची. मीडियाविकीचा मुख्य कोड एका रेपोत (गिटने सांभाळलेल्या कोडच्या साठ्यात) आहे, आणि प्रत्येक स्किन, प्रत्येक एक्स्टेन्शन आपापल्या वेगळ्या रेपोत. मुख्य कोड क्लोन केला म्हणून वेक्टर स्किन येत नाही. ती 'स्किन्स' फोल्डरमध्ये वेगळी क्लोन करून लोकलसेटिंग्जमध्ये लोड करायची एक ओळ लिहावी लागते. 'व्हूप्स' वालं पान तेवढंच सांगत असतं. जुना वेक्टर आणि वेक्टर २०२२ एकाच रेपोत आहेत, त्यामुळे दोनदा क्लोन करू नका.

आणि इथूनच 'काल चालत होतं' हा प्रकार निघतो. तुम्ही मुख्य फोल्डरमध्ये 'गिट पुल' करता. मुख्य कोड आजचा होतो. वेक्टर दोन महिन्यांपूर्वीचाच राहतो. कंपोझरने आणलेल्या लायब्ररी दोन महिन्यांपूर्वीच्या, डेटाबेसची रचनाही तेव्हाची. नव्या कोडने एखादं जुनं फंक्शन काढून टाकलेलं असतं, जुनी स्किन तेच मागत राहते, आणि पान पांढरं पडतं. बिघडलेलं काहीच नसतं, सगळे एका वयाचे राहिलेले नसतात.

म्हणून क्रम पाठ करून ठेवा: आधी मुख्य कोड पुल, मग प्रत्येक स्किन आणि एक्स्टेन्शनच्या फोल्डरमध्ये जाऊन पुल, मग कंटेनरमधून कंपोझर अपडेट, आणि शेवटी 'डॉकर कंपोज एक्झेक मीडियाविकी पीएचपी मेंटेनन्स स्लॅश रन डॉट पीएचपी अपडेट'. शेवटची कमांड डेटाबेसची रचना नव्या कोडाप्रमाणे करते. अमुक टेबल नाही, अमुक कॉलम नाही हे एरर तिनेच जातात. ती सगळ्यात शेवटी का, तर ती स्वतः नवा कोड आणि नव्या लायब्ररी वापरूनच चालते.

झालं की पानाच्या पत्त्याच्या शेवटी 'यूजलँग बरोबर एमआर' जोडून उघडा. बाजूला 'अलीकडील बदल' असं मराठीत दिसलं तर कोड, स्किन आणि भाषेच्या फाइल तिन्ही जाग्यावर आहेत. फोनवरची मुलगी इथे येते तेव्हा पलीकडून क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग "दिसलं, ताई, मराठीत दिसलं" असं येतं. त्या एका वाक्यासाठी मी संध्याकाळचे फोन घेते.

विंडोजवाल्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात एका मुलाने स्क्रीन दाखवली. त्याने काहीच बदललं नव्हतं, तरी 'गिट स्टेटस'ची लाल यादी संपत नव्हती. मी त्याला एकाच फाइलचा 'गिट डिफ' काढायला सांगितला. प्रत्येक ओळ दोनदा: एकदा लाल, एकदा हिरवी, अक्षरन् अक्षर तेच. मग त्याला हिरव्या ओळीच्या अगदी शेवटी बघायला सांगितलं. तिथे टोपीसारखी छोटी खूण आणि तिला चिकटून 'एम' होता. प्रत्येक हिरव्या ओळीला.

ती खूण म्हणजे विंडोजच्या पद्धतीची ओळ-समाप्ती. त्याने रेपो विंडोजवरच्या गिटने क्लोन केला होता. त्या गिटमध्ये ऑटो-सीआरएलएफ चालू असतं, म्हणून फाइल उतरवताना त्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर घातलं. मग मुलाने तेच फोल्डर डब्ल्यूएसएलमधल्या (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लिनक्सच्या गिटने उघडलं. त्या गिटला प्रत्येक ओळ बदललेली दिसली. याच कारणाने नोटपॅडमध्ये लिहिलेली छोटी शेल स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडते: लिनक्स 'बॅश' शोधत नाही, 'बॅश' आणि जादा अक्षर असं नाव शोधतो.

फाइल एकेक दुरुस्त करत बसू नका. डब्ल्यूएसएलचं टर्मिनल उघडा, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये जा आणि लिनक्सच्या गिटनेच नव्याने क्लोन करा. पुन्हा क्लोन करा असं मी सांगते ते इथेच, कारण इथे रोग कळलेला आहे. जुन्या फोल्डरमध्ये तुमचं काम असेल तर आधी ते बाजूला काढा.

याने पान हळू उघडायची तक्रारही जाते. सी ड्राइव्हवरच्या फाइल लिनक्समधून वाचताना प्रत्येक फाइलसाठी दोन सिस्टिममधली हद्द ओलांडावी लागते, आणि मीडियाविकी एका पानासाठी शेकडो पीएचपी फाइल उघडतं. लिनक्सच्या होममध्ये तेच फोल्डर ठेवलं की फरक लगेच जाणवतो. रॅम वाढवायचा खर्च करण्याआधी हे करून बघा.

नेटवर्क, घड्याळ, डिस्क

क्लोन मध्येच तुटत असेल तर 'डेप्थ १' लावून उथळ क्लोन करा. पूर्ण इतिहास खूप मोठा आहे, आणि गिटचा क्लोन तुटला की जिथे थांबला तिथून पुढे सुरू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतो. मोबाइलच्या डेटावर हे परवडत नाही. इतिहास लागेल तेव्हा नंतर आणता येतो.

कॉलेजच्या वायफायवर प्रॉक्सी असेल तर ब्राउझर चालतो आणि डॉकर इमेज ओढताना अडकतं. डॉकरला प्रॉक्सी वेगळी सांगावी लागते. कारण हेच आहे का ते बघायला मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच कमांड एकदा द्या.

लॅपटॉप झोपेतून उठवल्यावर अचानक सर्टिफिकेटचे एरर यायला लागले तर डब्ल्यूएसएलमध्ये 'डेट' लिहून वेळ बघा. घड्याळ मागे राहिलेलं असेल तर विंडोजच्या टर्मिनलमधून 'डब्ल्यूएसएल शटडाउन' करून पुन्हा उघडा.

डिस्क भरली की एरर भलतेच येतात, म्हणून 'डीएफ डॅश एच' आणि 'डॉकर सिस्टिम डीएफ' बघाच. सफाईसाठी 'प्रून' वापरा, पण त्याला 'व्हॉल्यूम्स' जोडू नका. मीडियाविकीचा एसक्यूलाइट फोल्डरमध्ये सुरक्षित असतो. तुमच्या दुसऱ्या प्रोजेक्टचा डेटाबेस मात्र व्हॉल्यूममध्ये असू शकतो, आणि तो परत मिळत नाही.

सगळं चालतं, पण पॅच जात नाही

आधी नाव तपासा. गेरिटला डेव्हलपर खातं लागतं. ते विकिपीडियाच्या खात्याहून वेगळं आहे, त्यामुळे मराठी विकिपीडियावर दहा वर्षं वापरलेलं सदस्यनाव इथे चालेलच असं नाही.

मग एसएसएच, म्हणजे किल्लीने होणारी सुरक्षित जोडणी, पोर्ट २९४१८ वर. गेरिट तुमचं स्वागत करतो, आणि शेल मात्र बंद आहे म्हणत लगेच जोडणी तोडतो. हे वाचून बरेच जण निराश होतात. खरं तर हेच यश आहे: तुमची किल्ली ओळखली गेली. लगेच 'परमिशन डिनाइड, पब्लिक की' आलं तर नाव किंवा किल्ली चुकली आहे. काहीच न येता नुसतं अडकून राहिलं तर नेटवर्कने ते पोर्ट बंद केलं आहे, हॉस्टेलमध्ये हे नेहमीचं आहे. अशा वेळी गेरिटच्या सेटिंग्जमध्ये एचटीटीपीचा पासवर्ड बनवून साध्या एचटीटीपीएसने पॅच पाठवता येतो.

'चेंज-आयडी नाही' म्हणून पॅच परत आला तर कमिट करताना चालणारी हुक फाइल बसलेली नाही. 'गिट रिव्ह्यू डॅश एस' ती बसवते. मग 'गिट कमिट अमेंड' करा, आयडी आपोआप येईल. गिटहबची सवय असलेली मुलं दुरुस्तीसाठी दुसरं कमिट करतात. गेरिटमध्ये एक कमिट म्हणजे एक रिव्ह्यू. दुरुस्ती त्याच कमिटमध्ये अमेंड करून पाठवायची, आयडी तोच ठेवायचा, म्हणजे ती जुन्याच रिव्ह्यूची पुढची आवृत्ती ठरते.

इथे थांबा

एकाच एररवर दोन तास गेले असतील तर थांबा आणि विचारा. पुढचे दोन तास तुम्हाला काही शिकवत नाहीत, फक्त सेटअप आणखी विस्कटतात.

गिट किंवा डॉकरने 'इनपुट आउटपुट एरर' दिला तर सॉफ्टवेअरचं काहीही करू नका. डिस्क मरायला लागल्याची ती खूण असू शकते. महत्त्वाच्या फाइल बाहेर काढा आणि लॅपटॉप हार्डवेअरच्या माणसाकडे न्या.

व्हर्च्युअलायझेशन बंद असल्यामुळे डॉकर उठत नसेल तर ते बायोसमधून चालू करावं लागतं. विंडोजवर बिटलॉकर चालू असेल तर बायोसमध्ये हात घालण्याआधी रिकव्हरी की तुमच्या हातात हवी, नाहीतर मशीन सुरू होताना ती मागितली गेली की डेटा आतच राहतो. की सापडत नसेल, किंवा मशीन कॉलेजचं अथवा ऑफिसचं असेल, तर हे काम ते सांभाळणाऱ्या माणसाचं आहे.

मदत मागताना चुकून खाजगी किल्ली चॅटमध्ये चिकटवली गेली तर मेसेज डिलीट करून भागत नाही. गेरिटमधून ती किल्ली लगेच काढा, नवी बनवा, मग बाकीचं.

कुठे विचारायचं: फॅब्रिकेटरवर (कामांची आणि बिघाडांची नोंद ठेवायची जागा) तुम्ही घेतलेल्या कामाच्या पानावर, किंवा लिबेरा चॅटवरच्या मीडियाविकीच्या चॅनलमध्ये. "चालत नाही, मदत करा" याला उत्तर देता येत नाही. सुरुवातीला बनवलेली ती साधी फाइल उघडा आणि त्यातून पाच ओळी काढा: कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, कोड कुठल्या ड्राइव्हवर, दिलेली कमांड, पहिला एरर जसाच्या तसा, आणि आतापर्यंत काय तपासलं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं; जगभरातली माणसं तिथे तसंच लिहितात. लॉग मोठा असेल तर चॅटमध्ये ओतू नका, पेस्टच्या पानावर टाकून दुवा द्या, आणि उत्तर यायला काही तास लागले तर खिडकी उघडी ठेवा. तिथली बरीच माणसं वेगळ्या टाइमझोनमध्ये आहेत, आणि आपल्याकडे रात्र झाली की त्यांचा दिवस सुरू होतो.